आधी फाशी, मग चौकशी

रहस्यकथा वाचणाऱ्यांत दोन जाती असतात. पहिली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत निमूटपणे वाचत जाणाऱ्यांची. दुसरी, लायब्ररीतून पुस्तक घेतानाच शेवटचं पान उघडून 'कुणी मारलं' ते पाहून घेणाऱ्यांची. बाबूराव अर्नाळकरांच्या काळापासून पहिली जात दुसरीला पाण्यात पाहत आलेली आहे. त्यातून दुसऱ्या जातीचा माणूस खुन्याच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढून पुस्तक परत करणारा असला, म्हणजे त्याचाच खून करावासा वाटतो. पण काळाचा महिमा असा, की शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांचेही दिवस आले. आणि ते आले चक्क लंडनहून!

२०१७ साली बीबीसीने 'रेलिक' नावाची सहा भागांची मालिका दाखवली. नाव ऐकून मला ते एखाद्या पोटदुखीच्या औषधाचं वाटलं होतं. प्रत्यक्षात इंग्रजी 'किलर' हा शब्द शेवटाकडून वाचला की 'रेलिक' होतो. हॅरी आणि जॅक विल्यम्स ह्या लेखकबंधूंनी नुसतं नावच उलटं ठेवलं नाही, सगळी गोष्टच शेपटाकडून सांगितली. माणसांवर ॲसिड टाकणाऱ्या एका खुन्याच्या मागावर पोलीस आहेत. पहिल्याच भागाच्या आरंभी संशयित पोलिसांच्या गोळीने मरतो. म्हणजे एरवी जिथे आपण उठून पाणी प्यायला जातो, तिथे ही मंडळी सुरुवात करतात. मग पडद्यावरची चित्रं उलटी पळतात, 'इतके तास आधी' अशी पाटी येते, आणि आपण आदल्या प्रसंगात जाऊन पडतो. तिथून आणखी मागे. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

ब्रिटिश प्रेक्षक तसा सोशिक. रांगेत तासभर उभा राहील, पण कुरकुर करणार नाही. पण 'रेलिक' पाहून त्यातले पुष्कळजण वैतागले. तक्रार एकच: डोकं चालेनासं झालं! ह्यावर 'मंडळींना मेहनत नको' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही, कारण हाच उलटा प्रवास लोकांनी त्याआधी डोक्यावर घेतलेला होता.

क्रिस्टोफर नोलनचा 'मेमेंटो' २००० सालचा. त्यातला नायक लेनर्ड बायकोच्या खुन्याचा सूड घ्यायला निघालेला आहे. पण डोक्याला मार लागल्यामुळे नवं काही त्याच्या लक्षात राहत नाही. म्हणून तो फोटो काढून त्यांवर टिपणं करतो आणि महत्त्वाचं ते अंगावर गोंदवून घेतो. पहिल्या दृश्यात हातातला फोटो उमटण्याऐवजी पुसत जातो आणि गोळी पिस्तुलात परत जाते. पुढे रंगीत प्रसंग मागे मागे सरकतात, काळेपांढरे पुढे पुढे येतात आणि अखेर दोघांची गाठ पडते. ह्या सिनेमाचा शेवट कुणालाही खुशाल सांगावा. तो पहिल्याच दृश्यात दिसतो. सुरुवात मात्र सांगू नये, मारामारी होईल.

आमच्या आईने हा सिनेमा माझ्या शेजारी बसून पाहिला.

"अरे, त्या बाईच्या तोंडाला काय लागलंय?"

"ते पुढं कळेल, आई."

"पुढं म्हणजे मागं ना?"

"हो."

"मग असं सरळ म्हण की!"

मग बराच वेळ ती गप्प होती. मला वाटलं, डोळा लागला. तर म्हणाली, "त्या पोराला आठवत नाही म्हणून आपल्यालाही आठवू देत नाहीत, होय रे? लिहिणारा शहाणा आहे हो."

समीक्षकांनी ह्याहून वेगळं काय सांगितलं असतं? 'मेमेंटो'तला गोंधळ आधी नायकाचा आहे, मग आपला. प्रसंग सुरू होतो तेव्हा आपण इथे कसे आलो हे त्याला माहीत नसतं, आणि आपल्यालाही नसतं. म्हणून आपण चिडत नाही, त्याची कीव करतो. २००२ सालच्या डीव्हीडीत हा सिनेमा सरळ क्रमाने पाहायची सोय लपवून ठेवलेली होती. तसा पाहिला की हिशेब चोख जुळतो, पण आपण सगळं जाणणारे शहाणे होतो आणि लेनर्ड एकटा पडतो. आपल्याकडे मुरुगदास ह्यांनी 'गजनी'त (तमिळ २००५, हिंदी २००८) तो आजार, ते फोटो, ते गोंदण सगळं ठेवलं, पण उलटा क्रम काढून टाकला. सिनेमा तुफान चालला; मात्र प्रेक्षकाला काही विसरावं लागलं नाही.

'रेलिक'चं दुखणं इथे आहे. त्यात कुणाचीही स्मृती गेलेली नाही. काळ मागे जावा अशी गरज एकाही पात्राला नाही. ती हौस लेखकांची. गणिताच्या पुस्तकात मागे उत्तरं असतात, पण निदान पुढे गणितं असतात! इथे आधी उत्तरांचा ढीग पडतो आणि त्यांचे प्रश्न नंतर येतात. 'मेमेंटो' दोन तासांच्या आत आटपतो. 'रेलिक'चा भाग आठवड्याला एक. सोमवारी मिळालेलं उत्तर प्रश्न येईपर्यंत सांभाळायचं म्हणजे प्रेक्षकानेच अंगावर गोंदवून घ्यायला हवं.

आणि तरीही मला 'रेलिक' मोडीत काढवत नाही. पहिल्या दृश्यात तो माणूस पडतो तेव्हा आपण खुर्चीत बसल्याबसल्या मान डोलावतो: बरं झालं, मेला! मग जसजसे मागे जातो तसतशी शंका कुरतडायला लागते, की हाच होता का तो? सरळ सांगितलेल्या गोष्टीत ही शंका गोळी सुटण्याआधी आली असती आणि आपण शहाण्यासारखे सावध राहिलो असतो. इथे आपली मान आधीच डोलावून झालेली असते, ती परत घेता येत नाही.

रोजचं वर्तमानपत्रसुद्धा उलटंच असतं. 'संशयित ठार' हा मथळा पहिल्या पानावर, ठळक. चौकशीत काय निघालं ते काही महिन्यांनी आत कुठे तरी, चार ओळींत. त्या क्रमाबद्दल कुणाचं डोकं दुखल्याचं मी ऐकलेलं नाही. कारण त्या चार ओळींपर्यंत आपण पोचतच नाही. 'रेलिक'वाल्यांनी निदान सहा आठवडे आपल्याला धरून चौकशीला बसवलं. कंटाळा आला, ही तक्रार रास्त आहे. चौकशीचा तो येतोच.