वीस मिनिटांचा ख्याल

आवडत्या ध्वनिमुद्रिकांची यादी करायला बसलं की माझी गाडी दर वेळी एकाच दशकात जाऊन अडते: १९६० ते १९७०. त्या काळात मी ऐकण्याच्या वयाचा नव्हतो. माझ्या वाट्याला आल्या त्या वडिलांनी जमवलेल्या पंधरा-वीस लाँग प्ले तबकड्या आणि त्या वाजवणारा एक एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर. त्यामुळे हा नुसता स्मरणरंजनाचा मामला असावा, अशी शंका मलाही होती. गेल्या पावसाळ्यात त्या तबकड्या पुन्हा काढल्या, पुसल्या आणि एकच प्रश्न मनाशी धरून ऐकल्या: यातलं मैफिलीचं उष्टं किती, आणि तबकडीवाचून झालंच नसतं असं किती?

प्रश्न समजायला थोडं मागं जावं लागतं. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचा आवाज मुद्रित झाला तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षं आपलं रागसंगीत तीन-साडेतीन मिनिटांच्या खोलीत नांदलं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनी त्या खोलीतही महाल उभा केला. पण तिथं ख्यालाचा अर्क मिळायचा, ख्याल मिळायचा नाही. विलंबित लयीतलं एकेक आवर्तनच जिथं मिनिटभर चालतं, तिथं तीन मिनिटांत गायक करणार तरी काय? स्थायी, दोन-चार बोलताना, एक सपाट तान आणि राम राम.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबियानं ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले बाजारात आणली. १९५५ मध्ये अली अकबर खाँ यांच्या सरोदची लाँग प्ले तिकडेच निघाली, प्रास्ताविक येहुदी मेन्युहिन यांचं. आपल्याकडे या तबकडीला खरा बहर आला तो साठच्या दशकात. आता एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. त्याहून ताणलं तर खाचा एकमेकींना खेटू लागतात आणि आवाज बारीक होतो. म्हणजे सातपट वेळ मिळाला, तरी मैफिलीच्या तासाभराच्या रागापुढं तो तिसरा हिस्साच. या अडनिड्या मापाचं काय करायचं, हा त्या दशकातल्या प्रत्येक कलावंतापुढचा प्रश्न होता. बहुतेकांनी तो मैफिलीला कात्री लावून सोडवला. मोजक्यांनी त्या मापाचाच कपडा शिवला.

त्या मोजक्यांत पहिलं नाव उस्ताद अमीर खाँ यांचं. दशकाच्या उंबरठ्यावर त्यांची एक तबकडी आली: एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी कानडा. आश्चर्य असं, की वेळेची सर्वांत जास्त चैन लागणारी गायकी त्यांची. अतिविलंबित झूमऱ्याचा चौदा मात्रांचा पसारा आणि मेरुखंडाच्या हिशेबानं एकेका सुराभोवतीची बढत. मेरुखंडात चार सुरांचे चोवीस आणि सातांचे ५०४० क्रम होतात. असा गवई वीस मिनिटांत गुदमरायला हवा होता.

प्रत्यक्षात काय होतं? मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. हेच सूर पूरियाला आणि सोहनीला. पूरिया गंधार-निषादावर रेलतो, सोहनी तार सप्तकात बागडते; मारवा उभा राहतो तो रिषभ आणि धैवत यांच्या खांबांवर. आणि त्याची खरी खोच अशी की ज्या षड्जावर घरी परतायचं, तोच त्यात दुबळा. त्याला टाळत राहायचं. खाँसाहेब मंद्रात उतरतात, धैवतावर थांबतात, तिथून कोमल रिषभावर येतात आणि तिथंच रेंगाळतात. कान षड्जाची वाट पाहत असतो. तो येतो तेव्हा निसटता येतो, आणि लगेच पायाखालून काढूनही घेतला जातो. तबला मागे नुसता ठेका धरून आहे, कुठं दाद घ्यायची घाई नाही. समोर श्रोते नाहीत, त्यामुळे ‘वाहवा’ मिळवायला तान फेकायची गरज नाही. सायंकाळची ती हुरहुर बावीस मिनिटांतही पुरती भरते, कारण गायकानं पसारा आवरला आणि लय तशीच ठेवली. वेळ कमी पडल्यावर वेग वाढवणं हा सरळ उपाय; त्यांनी सूर कमी केले. माझ्या मते साऱ्या दशकातला हा सर्वांत मोठा रचनात्मक निर्णय.

दुसरी तबकडी याच्या अगदी उलट प्रकृतीची: दशकाच्या उत्तरार्धातली ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. निर्मिती एचएमव्हीच्या ग. ना. जोशी यांची. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ घराघरांत पोचवणारा हा भावगीत गायक, वकिलीचं शिक्षण झालेला, पुढं ध्वनिमुद्रणाच्या काचेपलीकडं जाऊन बसला, हे मराठी संगीताचं भाग्यच. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, अशी या तबकडीची कल्पना. अहिरभैरव आणि नटभैरवनं सुरुवात, मग पिलू. तबकडी उलटली की भूप, देस, पहाडी.

कर्मठांनी नाकं मुरडावीत असं यात पुष्कळ होतं. संतूरवर मींड निघत नाही, हा आक्षेप शिवकुमारांच्या पाठी सुरुवातीपासून होता. गिटार तर परदेशी. पण या त्रिकुटाची मजा त्या उणिवांच्या जुळणीत आहे. संतूरचे सूर थेंबासारखे तुटक पडतात. काब्रांची गिटार, गजावाचून आणि पडद्यांवाचून, सुराला खेचत नेते. बासरी त्या दोघांमधून श्वास फिरवते. एकाला जे जमत नाही ते दुसरा पुरवतो. मैफिलीत हे असं तिघांचं मोजूनमापून बोलणं शक्य नव्हतं. तिथं जुगलबंदीची खुमखुमी आली असती. म्हणून ही तबकडी रागसंगीत किती, हा वाद मी घालत नाही. ती तबकडीचं संगीत आहे, आणि उत्तम आहे. तिचं पुढचं खापर मात्र तिच्या वारसांच्या माथी फोडावं लागेल. ‘पहाट’, ‘पाऊस’, ‘ध्यान’ असली नावं लावून निघालेलं, हॉटेलच्या स्वागतकक्षात वाजणारं गुळगुळीत वादन याच वाटेनं आलं. तिघांचा रियाज सोडून त्यांनी फक्त देखावा उचलला.

बाकीच्यांकडं वळताना हात जरा आखडता घ्यावा लागतो. बडे गुलाम अलींच्या गुणकली-मालकंसाच्या तबकडीत तो लोण्यासारखा गळा पूर्ण तेजात आहे, पण मला त्यांची ठुमरी तीन मिनिटांतही पुरते. ख्याल घाईत आटपल्यासारखा वाटतो. भीमसेन जोशींच्या तबकड्या दमदार आहेत, घरोघरी पोचल्या, हजारोंना गाण्याकडं ओढून आणलं. तरी ज्यानं त्यांना सवाई गंधर्वच्या मंडपात उत्तररात्री ऐकलं आहे त्याला ठाऊक आहे, की तो गवई समोरच्या माणसांवर पेटायचा. काचेच्या खोलीत त्यांचा पहिला अर्धा तासच काय तो सापडतो. रविशंकर आणि मेन्युहिन यांच्या ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ला ग्रॅमी मिळालं, तिचं ऐतिहासिक महत्त्व कोण नाकारेल? पुन्हा लावून ऐकावीशी मात्र ती मला फारशी वाटत नाही.

याहून जास्त सलतं ते जे मुद्रितच झालं नाही. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अवकाशात गेलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे. पण ती ७८ फेऱ्यांच्या जमान्यातली, साडेतीन मिनिटांची. अल्लादिया खाँसाहेबांकडून आलेली त्यांची ती पेचदार गायकी, आवर्तन न आवर्तन भरून काढत समेवर येणारी, वीस मिनिटांच्या बाजूला किती शोभली असती! मोगूबाई कुर्डीकरांचंही मुद्रण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. त्यांच्या कन्येच्या, किशोरी आमोणकरांच्या, सुरुवातीच्या तबकड्या या दशकाच्या टोकाला येतात. तोवर गायकी पुढच्या पिढीच्या हाती आली होती आणि बदललीही होती. यंत्र आलं तेव्हा आधीची पिढी थकली होती.

तबकडीनं एक नुकसानही केलं. राग रोज नवा व्हायचा. तबकडीवर तो एकाच दिवसाचा झाला. अमीर खाँचा तो एका संध्याकाळचा मारवा पुढं अनेकांसाठी मारव्याचा नमुनाच ठरला. गुरूविना शिकणाऱ्या एकलव्यांनी त्यातल्या जागा तंतोतंत उचलल्या, थांबेसुद्धा. गावोगावी असे लहान लहान अमीर खाँ मी ऐकले आहेत. मुळात जी निवड होती, तिची त्यांच्या गळ्यात सवय झाली.

आज वेळेची अडचण उरलेली नाही. फोनवर दीड तासाचा राग पडतो आणि घरबसल्या कुणीही तो मुद्रित करतो. तरी दर वर्षी निघणाऱ्या ढीगभर मुद्रणांतून ‘हे याच मापासाठी घडवलं’ असं म्हणावं, असं फार थोडं हाती लागतं. बहुतेक सगळं म्हणजे मैफिलीला लावलेला माइक. तबकडी कंजूस होती, म्हणून तिनं कलावंताला काय सोडायचं ते ठरवायला लावलं.

आमच्या घरी त्या तबकडीची मारव्याची बाजू दिवेलागणीला लागायची. सुई शेवटच्या खाचेत खरखरू लागली की वडील हात उचलायचे, पण तबकडी उलटायचे नाहीत. ती तशीच फिएस्टावर पडून राहायची. जेवणं व्हायची, आई ओटा आवरायची, रस्त्यावरची वर्दळ थांबायची आणि मग दरबारी लागायचा. परवा तीच तबकडी फोनवर ऐकली. मारवा संपला आणि दोन सेकंदांत दरबारी सुरू झाला. संध्याकाळ आणि मध्यरात्र यांच्यामधली जेवणाची वेळ कुणी तरी गिळली होती. मी फोन बंद केला आणि दुसरी बाजू रात्रीवर ठेवली.