आज्ञार्थ आणि विध्यर्थ : दूरस्थ संगणकांवरील शेल-आज्ञांची चिकित्सा

प्रस्तावना :
एका संगणकावरून दुसऱ्या संगणकास आज्ञा देण्याची सोय जुनी आहे. १९८३ च्या ४.२बीएसडी या युनिक्स आवृत्तीत 'आरएसएच' ही आज्ञा होती. १९९५ मध्ये फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी 'एसएसएच' तयार करून या संवादास कूटबद्धतेचे संरक्षण दिले. मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेले 'अ‍ॅन्सिबल' हे साधन प्रामुख्याने एसएसएचच्याच आधारे एकाच वेळी अनेक यंत्रांवर काम करते. त्यातील शेल-आज्ञांच्या स्थानाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दोन भाषा :
मराठी व्याकरण क्रियापदाचे आज्ञार्थ आणि विध्यर्थ असे भेद मानते. 'ओळ लिही' ही आज्ञा होय. 'ओळ असावी' हे विधान इष्ट स्थिती सांगते. अ‍ॅन्सिबलमध्ये हे दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. 'लाइनइनफाइल' हे मॉड्यूल फाईलमध्ये ओळ आहे की नाही हे आधी पाहते व नसेल तरच लिहिते. तेच काम 'शेल' मॉड्यूलमधून 'इको'ने केल्यास प्रत्येक वेळी नवी ओळ जोडली जाते. तीनदा चालविल्यास तीन ओळी होतात. कितीही वेळा केले तरी परिणाम एकच राहावा, हा स्वयंचलनाचा मूलभूत गुण येथे नष्ट होतो. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ओस्लो येथे सुरू केलेल्या 'सीएफइंजिन'पासून या साधनांची वाटचाल इष्ट स्थितीच्या वर्णनाकडे झाली. शेल-आज्ञा ती वाटचाल उलटी फिरवते.

परिणाम :
पहिला परिणाम अहवालावर होतो. लेखकाने वेगळी अट न घातल्यास यशस्वी शेल-आज्ञेची नोंद नेहमी 'बदल झाला' अशीच होते, मग त्या आज्ञेने केवळ तारीख वाचलेली का असेना. खरा बदल कोणता, हे अशा अहवालातून कळत नाही. दुसरा परिणाम पूर्वतपासणीवर होतो. 'चालविले असते तर काय झाले असते' या प्रश्नाचे उत्तर 'चेक मोड' देतो. मात्र 'क्रिएट्स' वा 'रिमूव्ह्ज' या अटी नसलेली शेल-आज्ञा तेथे वगळली जाते. म्हणजे जेथे धोका अधिक, तेथेच तपासणी मूक राहते. तिसरे असे की, पाइपने जोडलेल्या आज्ञांत सामान्यतः शेवटच्या आज्ञेचाच निकाल धरला जातो. आधीचे अपयश झाकले जाते.

आज्ञेच्या व्याप्तीचा प्रश्न एका साधनापुरता मर्यादित नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील 'एस-३' सेवेत थोडे सर्व्हर काढण्यासाठी दिलेल्या आज्ञेत एक मूल्य चुकीचे पडले आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर काढले गेले. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार, त्यानंतर सर्व्हर काढण्याचा वेग कमी करण्यात आला व किमान आवश्यक क्षमतेखाली जाण्यास साधनातच मज्जाव करण्यात आला. हा उपाय लक्षणीय आहे. 'काढ' या आज्ञार्थास 'इतके तरी उरावेत' या विध्यर्थाची मर्यादा घालण्यात आली.

दुसरी बाजू :
तथापि शेल-आज्ञा सर्वथा त्याज्य ठरत नाही. ज्या यंत्रावर पायथन नाही, तेथे 'रॉ' मॉड्यूलवाचून गत्यंतर नसते. ज्या प्रणालीसाठी मॉड्यूलच नाही, तेथेही आज्ञा अपरिहार्य ठरते. दोष आज्ञेत नसून तिच्या सुलभतेत आहे. तात्पुरत्या वापरात मॉड्यूलचे नाव न दिल्यास साधन 'कमांड' हेच मॉड्यूल गृहीत धरते. तेथे लागलेली सवय पुढे कायमस्वरूपी 'प्लेबुक'मध्ये उतरण्याचा संभव असतो.

निष्कर्ष :
आज्ञेचे उत्तरदायित्व ती लिहिणाऱ्याकडे राहते; स्थितीचे वर्णन ते काही अंशी साधनाकडे सोपविते. म्हणून शेल-आज्ञा वापरताना बदल केव्हा मानावा, अपयश कशास म्हणावे आणि एका वेळी किती यंत्रांना हात लावावा, या तीन अटी लेखकानेच स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. या अटींविना लिहिलेली आज्ञा शंभर यंत्रांवर पोहोचली, तरी तिला स्वयंचलन म्हणता येणार नाही. ते केवळ हाताने केलेले काम शंभर पटींनी वाढविणे होय.