माफीचे माप

एखादा पुढारी, रब्बी किंवा नट भर सभेत एखाद्या जमातीचा रंग नाहीतर मूळ काढून बोलतो. दुसऱ्या दिवशी गहजब होतो, तिसऱ्या दिवशी बोलण्याचा विपर्यास झाल्याचा खुलासा येतो, आणि शब्बाथ येईपर्यंत सारे शांत होते. इस्राएलमध्ये हा प्रकार इतक्या वेळा घडला आहे की ह्या खुलाशांची व माफ्यांची एकदा नीट पारख करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्यासाठी माप शोधायला दूर जायला नको. आपले वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवीत होते तेव्हाही दारफाळणीचा सण, म्हणजे किप्पूर, दारे लावून पाळीत. त्या दिवसाविषयी मिश्नाचा नियम स्पष्ट आहे. देवाचे केलेले अपराध किप्पूरने धुतले जातात, पण माणसाचे केलेले अपराध त्या माणसाची समजूत घातल्याखेरीज धुतले जात नाहीत. रांबामने त्यात कबुली, पापाचा त्याग आणि पुन्हा न करण्याचा निश्चय ह्यांची भर घातली. तेव्हा कोणत्याही माफीला तीन प्रश्न विचारावेत. ती कोणाकडे मागितली? नेमके काय कबूल केले? आणि पुढे काय बदलले?

२७ जून १९८१ रोजी, निवडणुकीला तीन दिवस उरले असताना, तेल अवीवच्या मलखे इस्राएल चौकात (आजच्या राबिन चौकात) मजूर पक्षाच्या आघाडीची प्रचंड सभा भरली. दुदू टोपाझ ह्या नटाने विरोधी लिकुदच्या मतदारांना 'चाखचाखीम' म्हटले. उत्तर आफ्रिकेहून व पूर्वेकडून आलेल्या यहुद्यांना हिणवण्याचा हा शब्द. लढणारे सैनिक आमच्याकडे आणि ते फार तर पहारेकरी, असाही त्याच्या बोलण्याचा रोख होता. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात मेनाहेम बेगिन यांनी उत्तर दिले. युरोपीय कुळातला फाइनस्टाइन आणि बगदादचा बाराझानी १९४७ साली इंग्रजांच्या तुरुंगात एकत्र मेले, ह्याची त्यांनी आठवण करून दिली. लिकुदला ४८ जागा मिळाल्या, आघाडीला ४७. टोपाझने पुढे माफी मागितली. पण शब्द नटाचा असला तरी व्यासपीठ पक्षाचे होते, आणि व्यासपीठाचा हिशेब एकट्या नटाने चुकता होत नाही. बेगिन यांचे भाषण बिनतोड होते, हे मान्य. तरीही अपमान एकाचा आणि मते दुसऱ्याची, हा सौदा अपमानिताच्या पदरात फारसे टाकीत नाही.

व्यासपीठाच्या मालकाला माफी सुचायला सोळा वर्षे लागली. सप्टेंबर १९९७ मध्ये पक्षाचे नवे अध्यक्ष एहुद बाराक यांनी नेतिवोत येथे स्वतःच्या व पक्षाच्या वतीने पूर्वेकडून आलेल्या यहुद्यांची क्षमा मागितली. पहिल्या प्रश्नाला ही माफी उतरते. तेल अवीवच्या दिवाणखान्यात न बसता ते नेगेवमधल्या त्या गावात गेले, जिथे ही माणसे आणून वसवली होती. दुसऱ्या प्रश्नाला ती अर्धीच उतरते. दुःख झाले हे त्यांनी मान्य केले, पण कोणत्या खात्याने, कोणत्या हुकमाने ते दिले, हा जाब मोघम राहिला. तिसऱ्या प्रश्नाशी ती अडखळते. १९९९ साली बाराक पंतप्रधान झाले, आणि त्याच निवडणुकीत शास पक्ष १७ जागांवर गेला. ज्यांची क्षमा मागितली त्यांतल्या पुष्कळांची समजूत पटली नव्हती, एवढे त्यावरून दिसते.

तिसरे उदाहरण खुलाशाचे. मार्च २०१८ मध्ये चीफ रब्बी यित्झाक योसेफ यांनी प्रवचनात काळ्या माणसासाठी 'कूशी' हा शब्द वापरला आणि त्याला माकडाची उपमा दिली. टीका झाली तेव्हा, हा तल्मुदचा दाखला होता, असे त्यांच्या कचेरीने सांगितले. हा 'कूशी' शब्द आपल्या मुलांनी शाळांच्या आवारात ऐकलेला आहे. दाखला जुन्या ग्रंथाचा असेल, पण तो कोणाला लावावा ही निवड बोलणाऱ्याचीच असते. ग्रंथाच्या आड उभे राहणे ही माफी नव्हे. त्यांचे पद मात्र २०२४ पर्यंत, मुदत संपेतो, अबाधित राहिले.

आता आपल्या घरची गोष्ट. ऑक्टोबर १९६१ मध्ये चीफ रब्बींच्या मंडळाने बेने इस्राएलशी विवाहास हरकत नाही असा निर्णय दिला. पण १९६२ च्या आरंभी चीफ रब्बी नसिम यांच्या सूचना निघाल्या. विवाह नोंदविणाऱ्या रब्बीने बेने इस्राएल वधूवरांच्या आईचे, आजीचे आणि जमेल तितके मागचे कूळ तपासावे, असे त्यांत होते. त्यांत शिवी नव्हती. भाषा अगदी सभ्य, कायद्याची होती, आणि म्हणूनच ती अधिक खोल गेली. शिवी हवेत विरते, परिपत्रक कपाटात राहते. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या माणसांनी यरुशलेममध्ये धरणे धरले. १७ ऑगस्ट रोजी कनेसेतच्या खास बैठकीत पंतप्रधान एश्कोल यांनी बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत, असे सरकारच्या वतीने जाहीर केले. महिनाअखेर परिपत्रकातून आपल्या जमातीचे नाव गेले आणि 'ज्यांच्या कुळाविषयी शंका असेल ते' अशा अर्थाची सर्वसाधारण शब्दयोजना आली.

पण लिहिलेला शब्द बदलला, हे लहान यश नव्हे. बाराक यांच्या सुंदर भाषणापेक्षा आम्ही ह्या कोरड्या दुरुस्तीला अधिक वजन देतो. मात्र ती पुरी नव्हती. शंका कोणाविषयी घ्यायची, हे ठरवण्याचा अधिकार पूर्वीच्याच हाती राहिला. १९८५ मध्ये इथिओपियाच्या यहुद्यांना त्याच रब्बीमंडळासमोर धरणे धरावे लागले, तेव्हा ही उणीव उघडी पडली.

हेच माप आपल्यालाही लावले पाहिजे. कोकणात 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असा भेद आपल्यातच होता. आई परजातीची, म्हणून मुले काळी ठरत, आणि त्यांच्याशी सोयरीक होत नसे. १९६२ च्या परिपत्रकाने आपल्याला जो प्रश्न विचारला, तोच आपण शेजारच्या घराला विचारीत होतो. आज आपल्या एखाद्या मंडळाच्या सभेत कोणी इथिओपियन किंवा अरब शेजाऱ्याविषयी वाटेल ते बोलला, तर त्यालाही तेच तीन प्रश्न विचारावेत.

तोरातच ह्याचा दाखला आहे. मोशेच्या कूशी बायकोवरून मिर्याम बोलली. भाष्यकारांनी 'कूशी' शब्दाचा अर्थ निराळा लावला आहे, पण शिक्षेविषयी दुमत नाही. ती नबिया होती, मोशेची थोरली बहीण होती, तरी सात दिवस छावणीबाहेर राहिली. तिच्यासाठी प्रार्थना मोशेनेच केली, आणि ती परत येईपर्यंत लोक जागचे हलले नाहीत. शिक्षा सर्वांदेखत झाली, मुदतीची होती, आणि शेवटी तिला परत घेतले गेले. मोठ्या खुर्चीवरच्या माणसाकडून आम्ही ह्याहून अधिक मागत नाही. पण ह्याहून कमी घेऊन समाधान मानू नये, आणि प्रत्येक परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, एवढे आमचे वाचकांस सांगणे आहे.