वस्तूपासून दुरावलेला कलेतिहास

2024च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली. लोकांनी ती पाहायला गर्दी केली आणि वादही पेटला: 1659मध्ये अफझलखानाच्या भेटीला शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच का? साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफकडे ती आली आणि पुढे त्याच्या घराण्याकडून लंडनच्या संग्रहालयात गेली, इथवर माग लागतो. पण 1659पासून ग्रँट डफपर्यंतच्या सुमारे दीडशे वर्षांतले दुवे हाती नाहीत, आणि खुद्द लंडनचे संग्रहालयही खात्री देत नाही. वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, त्यातले काय कागदावर आहे आणि काय नुसते ऐकीव, हे तपासण्याची पद्धत संग्रहालयशास्त्रात पक्की बसलेली आहे. आपला वाद मात्र श्रद्धा विरुद्ध संशय असाच झाला. इतक्या मोलाच्या वस्तूसमोर उभे राहून तिला नेमके काय विचारायचे, हे आपल्या विद्यापीठांनी फार थोड्यांना शिकवले आहे.

याचे कारण मला अध्यापनाच्या मांडणीतच दिसते. कलेतिहास आपण छायाचित्रांवरून शिकवतो आणि संग्रहालयशास्त्र हे वस्तू सांभाळण्याचे वेगळे तंत्र मानतो. एकाला वस्तू भेटत नाही, दुसऱ्याला तिचा अर्थ. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती वीतभरही उंच नाही. घारापुरीचा सदाशिव पाच मीटरांहून उंच आहे. पडद्यावर दोन्ही सारख्याच मापाच्या होतात. मग मुठीत मावणारी मूर्ती व्यापाऱ्यांच्या सामानातून समुद्रापार येऊ शकते, हा विचार विद्यार्थ्याच्या मनात येणार कुठून? पिंगुळीच्या चित्रकथीचेही तेच. पुस्तकात तिचे एक पान छापतात, खाली शैलीची वैशिष्ट्ये देतात. प्रत्यक्षात दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, आणि कथा गाणारा पोथीतले एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरतो. हाताळून मळलेल्या कडा पाहिल्या, पान उलटले, की ते भिंतीवर टांगायचे चित्र नव्हते, सादरीकरणाचे साधन होते, हे कळते. शैलीच्या वर्णनात ही गोष्ट येतच नाही.

वस्तू आणि तिचा अर्थ एकत्र शिकवणे जमू शकते, याचा दाखला मराठी माणसाला परका नाही. सयाजीराव गायकवाडांनी उभारलेले बडोद्याचे संग्रहालय 1894मध्ये खुले झाले. 1949मध्ये तिथे विद्यापीठ आले, 1950मध्ये ललित कला विद्याशाखा, आणि 1952मध्ये भारतातला पहिला संग्रहालयशास्त्र विभाग. संग्रहालयाची सूत्रे त्या काळात हर्मन गोएट्झ या कलेतिहासकाराकडे होती. चित्रे काढणारे, त्यांचा इतिहास शिकणारे आणि संग्रह सांभाळायला शिकणारे एकाच विद्यापीठात, संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. गुलाम मोहम्मद शेख यांच्यासारखा चित्रकार तिथे अनेक वर्षे कलेतिहास शिकवत होता. स्वातंत्र्योत्तर भारतीय कलेच्या चर्चेत बडोद्याला जे वजन आले, त्यात या शेजाराचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

महाराष्ट्रात साधने कमी नव्हती. ती एकमेकांना भेटली नाहीत. जे. जे. कला विद्यालय 1857चे. 1872पासून 1885पर्यंत जॉन ग्रिफिथ्स यांनी तिथल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. भिंतीसमोर बसून शिकण्याचा याहून मोठा उपक्रम आपल्याकडे झाला नसेल. तरीही चित्रकलेच्या विद्यार्थ्याला कलेतिहास भेटतो तो मुख्यतः लेखी परीक्षेचा पेपर म्हणून. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सांकलिया, ढवळीकर, देगलूरकर यांनी पुरातत्त्व आणि मूर्तिशास्त्राची भक्कम परंपरा घडवली. वस्तूकडे बारकाईने पाहणे तिथे मुरलेले आहे. पण तो अभ्यास प्राचीन आणि मध्ययुगीन काळाचा. रविवर्मा, धुरंधर, छापील देवादिकांची चित्रे या पुढच्या काळाला तिथे घर मिळाले नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय पदव्युत्तर पदविका चालवतात. तिथे वस्तू आणि वर्ग एकत्र आहेत, हे मोठेच काम. पण ते मुंबईपुरते आणि इंग्रजीतून. तेर, पैठण, औंध इथल्या दालनांत उद्या काम करणारा मुलगा मराठीतून शिकलेला असतो, आणि त्याला तिथल्या माहितीपट्ट्या मराठीतच लिहायच्या असतात.

आता हरकती. पहिली अशी की, जगभरच्या संग्रहालयांतल्या कलाकृती आज मोबाइलवर मोठ्या करून पाहता येतात. मग प्रत्यक्ष वस्तूचा एवढा आग्रह का? तुलनेसाठी ही सोय अमोल आहे आणि लहान गावातल्या विद्यार्थ्याला ती मिळालीच पाहिजे. पण नवा विचार कुठून येतो, ते पाहावे. अजिंठ्याच्या वाकाटककालीन लेण्यांचे काम पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात दोनेक दशकांतच झाले, हे वॉल्टर स्पिंक यांचे मत त्यांनी दारांच्या खाचा, अर्धवट सोडलेले खोदकाम आणि मागाहून घुसवलेल्या मूर्ती वर्षानुवर्षे तिथेच जाऊन तपासल्यावर उभे राहिले. ते ज्यांना पटत नाही, त्यांनाही पुरावा त्याच भिंतींवर शोधावा लागतो. दुसरी हरकत सुरक्षिततेची. विद्यार्थ्यांच्या हाती जुनी वस्तू दिली तर ती खराब होईल, ही भीती रास्त आहे. पण हाताळणी हीच तर शिकवायची गोष्ट आहे. धातूच्या वस्तूला हातमोजे लागतात, उलट जुना कागद स्वच्छ, कोरड्या हातांनी उलटणे पुष्कळदा अधिक सुरक्षित असते. हे एकदा करून दाखवावे लागते.

तिसरी हरकत मात्र सहज झटकता येत नाही: हे शिकून नोकरी कुठे? पदे थोडी आहेत आणि अभ्यासक्रम चांगला झाल्याने ती वाढणार नाहीत. तो निर्णय सरकारचा. एवढे मात्र खरे की, कामाचा तुटवडा नाही. राखीव संग्रहातल्या वस्तूंच्या नोंदी, छायाचित्रे, मोजमापे, माहितीपट्ट्या, हे सगळे माणसांची वाट पाहत आहे, आणि एका सत्राचा प्रात्यक्षिक अभ्यास म्हणून ते देखरेखीखाली करता येईल. त्याला श्रेयांक मिळावेत आणि लेखी पेपराइतकेच वजन असावे.

नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथले संग्रहालय, 1863पासून उभा आहे आणि नागपूर विद्यापीठ 1923पासून. कोल्हापुरात टाऊन हॉल संग्रहालय आणि शिवाजी विद्यापीठ एकाच शहरात आहेत. या दोन शहरांपासून सुरुवात करायला नवी इमारत लागत नाही. दोन्ही कुलगुरूंनी आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने एकत्र बसून, आठवड्यातला एक दिवस वर्ग संग्रहालयात भरेल एवढा करार येत्या शैक्षणिक वर्षाआधी करावा.