‘चार’मधला नव्हे, ‘चाक’मधला च

क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’ (२०२४) या गाण्याचा अर्थ तंजावरात शेजारच्या तमिळ मुलांनी मला विचारला. अनुवादक असून मी अडले. तांबडी म्हणजे लाल, चामडी म्हणजे कातडी; एवढ्यात अर्थ संपतो, गाणं मात्र सुरूच होत नाही. ताल नावातच आहे, त्या दोन ‘डीं’मध्ये. हाउसच्या विलायती ठेक्याला ढोलकी पुरवतात ती मराठी व्यंजनंच.

परक्या चाली या मुलखाला नव्या नाहीत. तंजावर राज्यातल्या तिरुवारूरचे मुत्तुस्वामी दीक्षितर (१७७५–१८३५) यांनी पाश्चात्त्य धुनांवर संस्कृत नोट्टुस्वरं रचली. एक तर ब्रिटिश राजगीताच्या चालीवर. तिथे शब्द चालीच्या मापाने बसतात. इथे ठेकाच भाषेतून निघाल्यासारखा वाटतो.

उणीव आहे. नादापलीकडे गाण्याला सांगायचं फारसं काही नाही. तिसऱ्यांदा ऐकताना ते खुपतं. तरीही व्यंकोजीराजांपासून साडेतीनशे वर्षं इथली मराठी टिकली ती मुख्यतः घरात. परक्या तोंडी ती अशी हौसेने आलेली मी प्रथमच ऐकली.

मुलांना अर्थ सांगितलाच नाही. फक्त ‘च’ सुधारून दिला.