फादर स्टीफन्सची मराठी

परभाषा आपली झाली, असें केव्हां म्हणावें? फादर थॉमस स्टीफन्सचें ‘क्रिस्तपुराण’ वाचतांना या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला. त्याचें पुराण १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. कथा बायबलची, परंतु घडण ओवीची. स्वर्गास शब्दहि वैकुंठ हाच. स्वतःची अत्यंत जिव्हाळ्याची श्रद्धा त्यानें परक्या छंदाच्या स्वाधीन केली, यांतच त्याचें खरें भाषाशिक्षण दिसतें. हेतु धर्मप्रसाराचा होता व पाठीशीं राजसत्ता होती, हें झांकण्याचें कारण नाहीं. उपदेशाच्या भारानें कोठें कोठें रसभंगहि होतो. तथापि ओवीचा सहज ओघ सत्तेच्या बळावर येत नाहीं. त्यास ओवी ऐकविणारीं माणसें भेटलीं असलींच पाहिजेत.

ही दुसरी बाजू आम्ही विसरतों. २०१६ सालीं पिंपरी-चिंचवडला साहित्य संमेलन भरवून आम्ही मराठीचा गौरव केला. परंतु तेथील वा चाकणच्या कारखान्यांत बिहार-ओडिशाकडून आलेला कामगार अडखळत मराठी बोलूं लागला, कीं आम्ही त्यास हिंदींत उत्तर देतों. मग त्यास भाषा परकी राहिली, याचा दोष त्या एकट्याचा कसा?