‘हिपोक्रिट’ आणि ‘मानभावी’ : एका प्रतिशब्दाची चिकित्सा

इंग्रजीतील ‘हिपोक्रिट’ हा शब्द मूळ ग्रीक असून तेथे त्याचा अर्थ रंगभूमीवरील नट असा होता. कपटाचे स्थान त्यात सोंगात, म्हणजे मुद्रा व हावभाव यांत, कल्पिलेले आहे. मराठीत त्यासाठी ‘मानभावी’ हा प्रतिशब्द सहज योजला जातो. मोल्सवर्थच्या कोशातही (दुसरी आवृत्ती, १८५७) हा अर्थ नोंदलेला आहे. तथापि ही योजना तपासून पाहणे अवश्य आहे.

‘मानभाव’ हे ‘महानुभाव’ या पंथनामाचे अपभ्रष्ट रूप होय. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ या म्हणीत निंदा आहे ती करणीची. मानभावाची वाणी सौम्य म्हणूनच विरोधासाठी घेतली आहे. पुढे बोलणी उसनी घेणाऱ्याचा दोष ती ज्याची, त्याच्याच माथी आला.

जळगाव जिल्ह्यातील कनाशी हे या पंथाचे तीर्थस्थान. जळगाव-धुळ्याच्या वर्गांत महानुभाव घरांतील विद्यार्थीही असतात. त्यांच्यापुढे दांभिकतेचा अर्थ त्यांच्याच पंथनामाने सांगणे शास्त्रीय नव्हे, न्याय्यही नव्हे. ‘दांभिक’ हा शब्द पुरेसा आहे. चेहऱ्यावरील खोटा निरागसपणा सुचवावयाचा असल्यास ‘साळसूद’ आहेच. ‘मानभावी’ची नोंद कोशात इतिहास म्हणून राहावी, अध्यापनात प्रतिशब्द म्हणून तिला स्थान नसावे.